परतीचं भाडं

चौदा माणसांसाठी गाडी ठरवणं हे चाळीस माणसांसाठी ठरवण्यापेक्षा कितीतरी अवघड. चाळीस असली की मोठी बस येते, दारात उभी राहते आणि कुणाला काही बोलायला जागा उरत नाही. चौदांचं तसं नाही. तेरा सीटची ट्रॅव्हलर घेतली तर एक माणूस उरतो आणि सतरा सीटची घेतली तर तीन सीटा उरतात. टेंब्यांच्या घराण्यात उरलेल्या माणसाची काहीतरी सोय लावता येते; भाडं भरलेली सीट रिकामी गेलेली मात्र कुणालाच बघवत नाही.

त्यामुळे शुभंकर टेंबेच्या फोनवर ‘चिपळूण बेत’ नावाचा ग्रुप गेला आठवडाभर धगधगत होता. थोरल्या चुलतभावाचं म्हणणं, तेराचीच घ्यावी आणि सोनूला कुणीतरी मांडीवर घ्यावं. सोनू एकोणीस वर्षांचा आहे आणि रोज जिमला जातो. धाकट्या चुलतभावाचं मत, दोन कार कराव्यात. म्हणजे थोरल्याशी वाटेत बोलावं लागणार नाही. कुणीतरी सत्तावीस सीटची मिनी बस सुचवली, पण तिच्या रिकाम्या सीटांचा नुसता विचार करूनच दोन काकूंनी ग्रुप सोडला. शेवटी शुभंकरची मुलगी प्रियदर्शनी म्हणाली, “बाबा, सिंपल आहे. सेव्हन्टीन सीटर, पुशबॅक, एसी. ॲपवर आहे. टू मिनिट्सचं काम.”

शुभंकरने ते दोन मिनिटांत केलं, आणि तिथेच चुकलं.

जायचं होतं द्वारकामावशीला भेटायला. आईची थोरली बहीण. चिपळूणला असते, दिवाळीपासून अंथरुणातून उठलेली नाही. सहा भावंडांतल्या आता या दोघीच उरल्या होत्या. मावशीने ‘या’ असंसुद्धा म्हटलं नव्हतं. फोनवर नुसती म्हणाली होती, “गोदे, आवाज येतो गं तुझा, पण तोंड आठवेनासं झालंय.” फोन ठेवल्यावर आई गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालत उभी राहिली. कुंडीतून पाणी बाहेर येऊन फरशीवर पसरलं तरी घालत राहिली. मग म्हणाली, “मी एकदा जाऊन येते.”

अडचण होती तिच्या पोटाची. कारमध्ये बसवलं की कात्रजचा बोगदा यायच्या आत पिशवी काढावी लागे. अण्णा गेल्यावर चार महिन्यांनी तिला एका लग्नाला कारने न्यायचा प्रयत्न झाला होता. ती खेड शिवापूरलाच इतकी गळून गेली, की लग्नाऐवजी दवाखान्यात जाऊन सलाइन लावावं लागलं. ‘या वयात पुन्हा असं होऊ देऊ नका,’ असं डॉक्टरांनी शुभंकरला बाजूला घेऊन सांगितलं होतं. डॉक्टर बाजूला घेऊन सांगतात तेव्हा ते फुकट सांगतात, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

अण्णांनी ठरवलेल्या गाडीत मात्र तिला कधीही काही झालं नव्हतं. गोकर्णाला गेली, गिरनारला गेली, आंबोलीचा घाट भेळ खात उतरली.

अण्णा म्हणजे बद्रीनाथ टेंबे, शुभंकरचे वडील. उभं आयुष्य सरकारी ऑडिटमध्ये गेलेलं, त्यामुळे कुणी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणं त्यांना सवयीनेच जमत नसे. बसून बघितल्याशिवाय ते गाडी ठरवत नसत. मालकाच्या दारी जायचं, गाडीबाहेर चपला काढायच्या आणि आत जाऊन प्रत्येक सीटवर बसायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक; जिच्यावर पिशव्याच ठेवायच्या त्या मागच्या सीटवरसुद्धा. डोळे मिटून थोडा वेळ बसत. पडदा नाकाशी धरत. काच सरकवून बघत. पहिली पायरी आपल्या नडगीच्या कुठे येते ते काठी लावून पाहत, कारण आईच्या गुडघ्याला तेवढंच झेपायचं. सगळं पसंत पडलं, की एकेरी सीटांच्या रांगेतली दुसरी सीट धरून तिच्यावर आपला रुमाल टाकत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. गाडी आपण ठरवलेली, माणसं आपली, सगळ्या सीटा आपल्या, तरी रुमाल.

निळ्या चौकड्यांचा रुमाल. एका कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याने काढलेला ‘ब’, दुसऱ्या कोपऱ्यात गाठ मारून ओवा आणि कापूर, आईने वासाला घ्यायचा. तो दोन-दोन दिवस परक्याच्या गाडीत राही आणि कुणी नेत नसे. नेण्यासारखा नव्हताच. प्रवासात अण्णा बरोबर तिच्या मागच्या एकेरी सीटवर बसत. चाळीस वर्षं त्यांनी बायकोच्या अंबाड्याकडे बघत महाराष्ट्र पाहिला.

एक भांडण मात्र प्रत्येक मालकाशी होई. गाडीने फक्त कुठेतरी पोचायचं असलं, तरी मालक भाडं दोन्ही बाजूंचं लावतो. गाडी रिकामी का होईना, तिला परत यावं लागतं. हे अण्णांना शेवटपर्यंत पटलं नाही. “मी जाणार तेवढ्याचं देईन. रिकामी गाडी परत येते तिच्यात मी आहे का?” शुभंकर अशा वेळी बाहेर येऊन समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभा राही.

“गाडी ठरली,” शुभंकरने आईला सांगितलं.

“बसून बघितलीस?” आई मटार सोलत होती.

“फोटो बघितले. सगळ्या बाजूंनी आहेत.”

“फोटोत बसलास?”

“आई, आता तसं कुणी—”

“पायरी केवढी आहे?”

शुभंकर एका विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होता. लोकांचं खोटं पकडायचा त्याला पगार मिळे. स्वतः खोटं बोलायचा सराव नव्हता.

“मग मी नाही येत,” आई म्हणाली. रागाने नाही. “द्वारकेला सांग, फोनवरच बोलू.” आणि तिने रिकामी सालं चाचपून एक राहिलेला दाणा काढला.

स्वयंपाकघरात पूर्वाने नवऱ्यापुढे चहा ठेवला. “जाऊन बसून ये ना गाड्यांमध्ये. तसाही तुझा शनिवार सोफ्यावर बसण्यातच जातो. इथे निदान सीट बदलेल.”

*

पहिली गाडी स्वारगेटजवळ एका गल्लीत होती. सतरा सीटची, पांढरी, हेडरेस्टला प्लास्टिक तसंच ठेवलेलं. मालकाने मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारलं, “तुम्ही पण सगळ्या सीटांवर बसणार?”

“पण म्हणजे?”

“सकाळी एक आजोबा आले होते. पार मागपर्यंत बसून गेले. म्हणाले, मागची सीट चाकावर आहे, माणसं सुपातल्या दाण्यांसारखी उडतील. घ्यायची नसली तर घेऊ नका म्हटलं. वर बोलणी कशाला?”

शुभंकर हसला. असला म्हातारा पुण्यात दर चौकात एक मिळतो. काही चौकांत दोन मिळतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. तो आत जाऊन बसला. मागची सीट खरोखरच चाकावर होती. पायरी नडगीच्या पार वर येत होती. तो उतरला आणि ‘कळवतो’ म्हणाला. पुण्यात याचा अर्थ दोघांनाही कळतो.

दुसरी गाडी वाघोलीला. नगर रस्त्यावर त्या दिवशी इतकी गर्दी होती, की शुभंकर पोचेपर्यंत त्याचं स्वतःच्या गाडीबद्दलही मत वाईट झालं होतं. मोकळ्या पटांगणात चार-पाच मिनी बस उभ्या होत्या. मालक शंभूशेठ खुर्ची टाकून ऊस खात बसला होता. शुभंकरला पाहून उठला.

“या सायेब. आता परत बगायची का?”

“परत कशी? मी पहिल्यांदाच येतोय.”

“तुमी न्हाय, तुमचं म्हातारं. आत्ता बगून गेलं की. नाकावनं वळकलं मी तुमाला.” त्याने उसाने बसकडे दाखवलं. “चिपळूनला जायचंय, मंडळीच्या गुडघ्याला पायरी जमायची न्हाय म्हनालं. आन् म्हनालं, ही बस न्हवं, हलतं कपाट हाय.”

शुभंकरने अजून चिपळूणचं नाव काढलं नव्हतं.

आणि ‘हलतं कपाट’ हे अण्णांचं होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याने ते आजवर ऐकलं नव्हतं. पण दावे तपासणाऱ्या माणसाचं डोकं अशा वेळी आपोआप कामाला लागतं. थोरल्या चुलतभावाने कुणाला तरी पाठवलं असेल. नाक सगळ्या टेंब्यांचं सारखंच आहे. त्याने तिथूनच फोन लावला.

“तू गाड्या बघायला कुणाला पाठवलंस का?”

“मी?” चुलतभाऊ म्हणाला. “मला इथे विचारतंय कोण? मी तेराची म्हटलं, ते ऐकलं का कुणी?” आणि सोनूला मांडीवर घ्यायचा विषय पुन्हा निघाला. शुभंकरने फोन ठेवला.

“शंभूशेठ, तो कॅमेरा चालतो का?”

“चालतो की. चोरीसाठनं लावलाय.”

शंभूशेठने मोबाइलवर चित्र मागे नेलं. पटांगण, ऊन, दार उघडं असलेली बस. बराच वेळ काही घडलं नाही. मग बस दाराच्या बाजूला किंचित दबली. कुणी पायरीवर पाय दिला की दबते तशी. पुन्हा सरळ झाली. पहिल्या खिडकीचा पडदा बाजूला सरला आणि पडला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. एकेक करत पार मागपर्यंत.

“हे बगा, बसतंय,” शंभूशेठ कौतुकाने म्हणाला. “काचंवर ऊन हाय म्हनून दिसंना. पर लई बारकाईनं बगितली हां.”

शुभंकर बसच्या दाराकडे बघत होता. काच तिथे नव्हतीच. दाराखालची माती चित्रात स्वच्छ दिसत होती. तिथे चपला नव्हत्या.

“चपला काढल्या होत्या त्यांनी?”

“काढल्या की. हितंच तर व्हत्या,” शंभूशेठ म्हणाला, आणि चित्राकडे न बघता त्याने उसाचं पेर मोडलं.

घरी आल्यावर त्याने पूर्वाला सांगितलं, की दोन्ही गाड्या पसंत पडल्या नाहीत. बाकीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने ताप बघितला असता.

*

तिसरं नाव त्याला आधीच सुचायला हवं होतं. नाना पेठेत अमीनभाईचं ऑफिस. टायरच्या दुकानाला लागून, एका टेबलाचं. अमीनचे वडील होते तेव्हापासून अण्णा तिथून गाड्या घेत. रविवारी सकाळी शुभंकर गेला तेव्हा अमीनभाई दारातच उभा होता आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत होता.

“या शुभंकरभाऊ! अरे, थोडक्यात चुकामूक झाली. अण्णा आत्ता गेले.”

शुभंकरनेही रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं.

“चहा मागवला तर घेतला नाही. वाळलेत हो फार. हात हातात घेतला तर केवढा गार! म्हटलं, अण्णा, स्वेटर घालत जा. म्हणाले, आता सवय झाली.” अमीनभाई हसला. “पण हट्ट तोच. सगळ्या सीटांवर बसले. मी म्हटलं, तुमचीच नेहमीची गाडी आहे, किती वेळा बसाल? तर म्हणाले, स्प्रिंगा म्हाताऱ्या होतात.”

अमीनभाईला माहीत नव्हतं. वर्षापूर्वी पेपरात दिलं होतं, पण पेपर काही सगळे सगळ्यांच्या घरी जात नाहीत. “अण्णा...” शुभंकरने सुरुवात केली. पुढचा शब्द त्याने या वर्षभरात बँकेत उच्चारला होता, गॅसवाल्याकडे उच्चारला होता, पेन्शनच्या खिडकीवर तर ओरडून उच्चारला होता. इथे तो उच्चारवेना. दारात उभा असलेला हा माणूस अण्णांना भेटून इतका खूश झाला होता.

पुण्यातला माणूस अशा वेळी जे करतो ते त्याने केलं.

“भाड्याचं काही कमी होईल का?”

“अण्णांशी सगळं झालंय,” अमीनभाई म्हणाला. “त्यांनी केल्यावर तुम्ही अजून काय कमी करणार?”

गाडी मागच्या बोळात होती. सतरा सीटची जुनी ट्रॅव्हलर, एकीकडे जोडसीटा, एकीकडे एकेरी. काचा सरकणाऱ्या. दाराखाली एक जादा पायरी जोडलेली. “ही अब्बांनी लावून घेतली होती. अण्णांच्याच सांगण्यावरून,” अमीनभाई म्हणाला. त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बोळाच्या तोंडाशी गेला.

शुभंकरने का कोण जाणे, बूट बाहेर काढले.

आत ऊन तिरपं आलं होतं. पुसलेल्या रेक्झिनचा वास होता, आणि त्याच्या मागून दुसरा, कापराचा.

एकेरी रांगेतल्या दुसऱ्या सीटवर रुमाल होता. निळ्या चौकड्यांचा. घडी केलेला. ‘ब’ वर आलेला.

तो रुमाल शुभंकरने शेवटचा पाहिला होता वैकुंठ स्मशानभूमीत. दाहिनीचं दार उघडायच्या आधी त्याने स्वतः तो अण्णांच्या मुठीत ठेवला होता. मूठ मिटत नव्हती, म्हणून बोटं एकेक करून मिटवली होती. गुरुजींनी ते पाहिलं होतं.

तो मागच्या सीटवर बसला. मग तिच्या मागच्या. मग सगळ्या सीटांवर, एकेक करून, डोळे मिटून. रुमालाला त्याने हात लावला नाही.

घरी आई वाट बघत होती, पण वाट बघत नसल्यासारखी.

“बसून बघितली,” तो म्हणाला.

“पायरी?”

“नडगीच्या खाली.”

आईने त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. “मग येते,” म्हणाली.

*

पुढच्या रविवारी सकाळी शनिवार पेठेत सोसायटीच्या दाराशी गाडी लागली. ड्रायव्हर साईनाथ, कपाळावर गंध, कमी बोलणारा. आई काठी टेकत आली, पायरी चढली आणि कुणी काही सांगायच्या आत एकेरी रांगेतल्या दुसऱ्या सीटपाशी गेली. रुमाल उचलला, नाकाशी धरला आणि कमरेला खोचून बसली. खिडकीतून खाली बघत म्हणाली, “चला, बसा पटापटा. गाडी काय आपली वाट बघायला आलीय?”

माणसं चौदा, सीटा सतरा. थोरल्याने रिकाम्या तीन सीटांकडे दुःखाने पाहिलं आणि मागच्या दोन्हींवर पिशव्या रचल्या. तिसरी आईच्या मागची. तिच्यावर कुणीच बसलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. टेंब्यांच्या गाडीत रिकामी सीट होती आणि तिच्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवली नाही.

पाटणच्या अलीकडे चहाला थांबले. आई खालीवर नको म्हणून गाडीतच राहिली. साईनाथ दोन कप घेऊन शुभंकरपाशी आला.

“हा आजींचा. आणि आजोबांना बिनसाखरेचा, ना?”

“कुठल्या आजोबांना?”

साईनाथने गोंधळून गाडीकडे पाहिलं. “आजींच्या मागं बसलेत ते. काल गाडी धूत होतो तेव्हा सांगून गेले. घाटात वळणाला ब्रेक मारू नको, आधीच गिअर उतरव म्हणाले.”

शुभंकर दोन्ही कप घेऊन गेला. आईने खिडकीतून हात काढून दोन्ही घेतले, काही न विचारता. आपला मांडीवर धरला. दुसरा खांद्यावरून मागे धरला.

बराच वेळ धरला.

मग पुढे आणला आणि हळूहळू स्वतःच प्यायली. “निवला होता,” म्हणाली.

कुंभार्ली घाटात प्रियदर्शनीने “आय ॲम डाइंग” असं जाहीर करून पिशवी तोंडाशी धरली. सोनूची जिम उपयोगी पडली नाही. थोरला डोळे मिटून देवाचं आणि धाकट्याचं नाव आळीपाळीने घेत होता. आई मात्र काच उघडी टाकून दरीकडे बघत होती. तोंडात आवळा, मांडीवर रुमाल.

तो जोडसीटवर, पलीकडे बसला होता. त्यामुळे त्याला दिसलं.

आईच्या मागच्या सीटची पाठ हळूच मागे गेली. थोडी. आणि थांबली.

घाटात अण्णांचे पाय सुजायचे. ते पाठ तेवढीच मागे घेत.

शुभंकरने मान वळवली आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला. साईनाथ प्रत्येक वळणाच्या आधी गिअर उतरवत होता. गाडी पाण्यावरून जावी तशी खाली उतरत होती. खरं तर शुभंकरला भीती वाटायला हवी होती. त्याला वाटलं ते इतकंच, की लहानपणी मागच्या सीटवर झोप लागायची तशी आता लागेल.

द्वारकामावशीच्या खोलीत दोघी बहिणींनाच ठेवून सगळे ओटीवर बसले. दार उघडंच होतं. मावशीने दोन्ही हातांनी आईचं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी. “हां,” ती म्हणाली. “आता आठवलं.” मग कितीतरी वेळ दोघी एकमेकींच्या बांगड्या मागेपुढे करत बसल्या.

निघताना मावशी म्हणाली, “बद्रीनाथराव का गं बाहेर उभे? कधी नव्हे ते इतके अंग चोरून?”

“येतील,” आई म्हणाली. “त्यांना घाई नाही.”

रात्री पुण्यात उतरताना आईने रुमालाची घडी नीट केली आणि तो सीटवर ठेवला. शुभंकरने उचलायला हात पुढे केला.

“राहू दे,” ती म्हणाली. “परत लागेल.”

*

मार्च संपता संपता मावशी झोपेतच गेली. आई रडली, पण अंग मोकळं झाल्यासारखी. आपण भेटून आलो, हे ती आल्यागेल्याला सांगत राहिली. गाडीत काही त्रास झाला नाही, हेही. शुभंकरला वाटलं, एकदा तरी आपलं काहीतरी बरोबर जमलं. चैत्रात तिने कपाट आवरायला काढलं. दोन साड्या पूर्वाला दिल्या, पाटल्या प्रियदर्शनीच्या हातात घालून बघितल्या. “आज्जी, धिस इज टू मच,” प्रियदर्शनी म्हणाली. “बरोबर होतायत,” आई म्हणाली.

अशाच एका दुपारी अमीनभाईचा फोन आला. शुभंकर गॅलरीत गेला आणि त्याने मागे दार लावून घेतलं.

“शुभंकरभाऊ, जरा अडचण आहे. अण्णा आले होते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी आडवी लावली होती आणि त्यावरून दोन माणसं अतिशय शुद्ध मराठीत भांडत होती.

“दोघांनाच जायचंय म्हणाले. म्हटलं, अण्णा, दोन माणसांना सतरा सीटा कशाला? छोटी कार देतो. तर म्हणाले, हिला कार सोसत नाही. गाडी तीच पाहिजे. परत सगळ्या सीटांवर बसले.” अमीनभाई थांबला. “या वेळी रुमाल जोडसीटवर टाकलाय. म्हटलं, आईंना तर एकेरी लागते ना? तर लाजले हो. म्हणाले, आता नाही लागायची.”

“मग?” शुभंकर म्हणाला.

“मग भाड्यावरून अडलंय. म्हणून तर तुम्हाला फोन. एकाच बाजूचं देईन म्हणतात. परत यायचं नाही म्हणतात. सांगा बरं, मी काय करू? गाडीला तर परत यावंच लागतं ना?”

“ऐकायचं नाही त्यांचं,” शुभंकर म्हणाला. “अमीनभाई, अजिबात ऐकायचं नाही. दोन्ही बाजूंचं घ्यायचं. नियम म्हणजे नियम. परतीचं भाडं भरल्याशिवाय गाडी काढायची नाही. कळलं?” आयुष्यभर ज्या भांडणाच्या वेळी तो बाहेर जाऊन पाट्या वाचत उभा राहिला, त्यात तो आज पहिल्यांदा उतरला होता, आणि मालकाच्या बाजूने. “नाहीतर गाडी रिकामी नाही म्हणून सांगा. सगळा सीझन बुक आहे म्हणावं.”

“सांगितलं ना तसं. नुसते हसले.”

“तारीख कुठली दिलीय?”

“तारीख नाही दिली. म्हणाले, घाई नाही. तिचं आवरून झालं की निघू.”

शुभंकरने फोन ठेवला. दार उघडून तो आत आला. आईच्या खोलीत कपाट उघडं होतं. खालचे दोन कप्पे अजून भरलेले होते. ते त्याने आधी पाहिलं. आई पलंगाच्या कडेला बसून एका जुन्या रेशमी साडीची घडी मोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

“शुभंकर,” ती म्हणाली, “पायरी तीच आहे ना रे?”